लोगो कॅमेऱ्याकडे वळवा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी लहानपणापासून गळाने मासे धरतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, हा नुसता नाद. चार वर्षांपूर्वी गंमत म्हणून व्हिडिओ टाकायला लागलो. गाठी कशा मारायच्या, गढूळ पाण्यात काय चालतं, कुठला मासा कुठल्या वेळी तोंड लावतो, असलं साधंसुधं. बघणारे हळूहळू वाढत गेले.

गेल्या वर्षी रॉड, रील, लुअर (म्हणजे खोटं आमिष) विकणाऱ्या एका कंपनीकडून खोकं भरून सामान आलं. पैसे नाहीत, अट नाही. ‘आवडलं तर दाखवा’ एवढंच. मी दाखवलं. आता त्यांनी वर्षभराचा करार पुढे केला आहे. दरमहा माझ्या पगाराच्या निम्मी रक्कम मिळेल. बदल्यात महिन्याला चार व्हिडिओ करायचे, दुसऱ्या कुणाचं सामान पडद्यावर दिसू द्यायचं नाही, त्यांच्या मालाबद्दल उणा शब्द काढायचा नाही आणि व्हिडिओ टाकण्याआधी त्यांना दाखवायचा. त्यांचा रॉड खरंच चांगला आहे. लुअर ठीकठाक. एका रीलचा ड्रॅग मात्र मला पसंत नाही. मासा पळायला लागला की दोरी आधी अडकते, मग एकदम सुटते.

खरी बोच वेगळीच आहे. मला गरवायला शिकवलं ते तात्यांनी. वडिलांचे मित्र, आता सत्तरीच्या पुढचे. दोन महिन्यांपूर्वी आम्ही बरोबर होतो आणि मला मोठा मासा लागला. सोडूनच द्यायचा होता. पण पहिल्या शॉटमध्ये रीलवरचं नाव उलट्या बाजूला गेलं, म्हणून परत उचलला. मग ऊन डोळ्यांवर आलं, म्हणून आणखी एकदा. सोडल्यावर तो थोडा वेळ काठाशी थांबला आणि उलटा झाला. तात्या काही बोलले नाहीत. त्यानंतर ते माझ्याबरोबर आलेले नाहीत. फोन केला की म्हणतात, ‘तुझं शूटिंग होऊ दे, मग जाऊ.’

बायको म्हणते, कष्टाचा पैसा आहे, लाजतोस कशाला? एक मित्र शिकारीचे व्हिडिओ करतो, जिथे कायद्याने परवाना मिळतो तिथे जाऊन. तो म्हणतो, सगळेच करतात. सही करू का?

आपला,
गळाला लागलेला

उत्तर

प्रिय ‘गळाला लागलेले’,

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे शेवटापर्यंत जीव टांगणीला राहायला नको. करार आहे तसा असेल तर सही करू नका. पैसे घ्यायला मात्र माझी हरकत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये बरीच जागा आहे. तिथे काय करायचं ते पुढे सांगते.

तुमच्या पत्रात कराराचा तपशील नीट ओळीने आलाय आणि मासा ‘बोच’ म्हणून नंतर आलाय. मी माशापासून सुरू करते.

कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रेनबो ट्राउट जातीचे मासे त्यांनी पूर्ण दमेपर्यंत पळवले, गळाला लागलेला मासा दमतो तसे. त्यातले काही पाण्यातच ठेवले, काही ३० सेकंद हवेत धरले, काही ६० सेकंद. नुसते दमवलेले मासे १०० पैकी ८८ जगले. ३० सेकंद हवेत राहिलेल्यांत हे प्रमाण ६२वर आलं आणि एक मिनिट राहिलेल्यांत २८वर. प्रयोगशाळेतला प्रयोग, थंड पाण्यातली जात. तुमचा मासा वेगळा, पाणी वेगळं, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नका. कारण मात्र सगळीकडे तेच. कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या पाण्यात पसरलेल्या असतात, हवेत त्या एकमेकींना चिकटतात. आधीच धाप लागलेल्या जिवाचा श्वास आपण तेवढा वेळ बंद करतो. मैलभर पळून आलेल्या माणसाचं डोकं लगेच पाण्यात बुडवून ‘हसा, फोटो काढतोय’ म्हणण्यासारखं आहे ते. तुम्ही तीनदा उचललात. प्रत्येक वेळी किती सेकंद गेले ते तुमच्याच फुटेजमध्ये आहे. एकदा मोजून बघा.

हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. माझ्याही हातून सोडलेले मासे मेले आहेत आणि त्यांतले एक-दोन निव्वळ मिरवण्यापायी. मला दाखवायचंय ते निराळं. ‘मासा दुसऱ्यांदा उचला’ असं तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. तोवर करार नव्हता, पैसे नव्हते, अटही नव्हती. एक खोकं आलं होतं, बस. आणि तेवढ्यावर तुमच्या हाताला वळण लागलं. जाहिरात माणसाला खोटं बोलायला लावते असं आपण समजतो आणि म्हणून जिभेवर पहारा ठेवतो. ती शिरते हातातून, डोळ्यांतून. खोटं बोलायची वेळ फार उशिरा येते, कित्येकांवर येतही नाही.

आता त्या ‘महिन्याला चार’कडे या. उणा शब्द काढायचा नाही हे कलम तुम्हाला सगळ्यात जाचक वाटतंय. माझ्या मते चार व्हिडिओंचं कलम त्याहून जाचक आहे. तुम्ही नोकरदार माणूस, महिन्यातून किती वेळा पाण्यावर जाणार? पाच, फार तर सहा. त्यांतल्या किती वेळा हात हलवत परत येता? गरवणाऱ्याला हे विचारायला नको. पाणी चढलेलं असतं, वारा उलटा असतो, किंवा काहीच कारण नसतं आणि दिवसभर साधी टिचकीसुद्धा लागत नाही. हे रिकामे दिवस म्हणजेच या नादाचा मोठा भाग. कराराला मात्र रिकामा दिवस नको असतो. मग काय होतं? आधी ते दिवस कापले जातात. कापूनही चार भरत नाहीत, तेव्हा माणूस सोपं पाणी शोधतो, बाहेरून मासे आणून भरलेलं तळं गाठतो. तुमच्या मित्राच्या धंद्यात याचीच आवृत्ती म्हणजे कुंपण घातलेली जमीन. जनावर पळून पळून जाणार कुठे? कॅमेऱ्याच्या चौकटीत कुंपण येत नाही.

आणि याचा बघणाऱ्यावर होणारा परिणाम बघा. तो घरी बसून वर्षभरात पन्नास व्हिडिओ पाहतो आणि पन्नासही वेळा मासा लागतो. रविवारी तो स्वतः जातो, संध्याकाळी मोकळ्या हाताने परततो. तो काय समजेल? पाणी तेच, मासे तेच, वेळही व्हिडिओत सांगितली तीच. फरक राहिला सामानाचा! तुम्ही ‘हे घ्या’ असं एकदाही म्हणाला नाहीत, तरी तो ते विकत घ्यायला निघाला. कंपनीला तुमच्या तोंडच्या स्तुतीपेक्षा तुम्ही कापून टाकलेला रिकामा दिवस जास्त मोलाचा आहे. हे त्यांच्या जाहिरात विभागाला कळलेलं असतं की नाही, देव जाणे. कळलेलं नसलं तरी चालतं, इतकी ही यंत्रणा आपोआप फिरते.

तुमचा मित्र म्हणतो सगळेच करतात. बरोबर आहे, आणि आजपासून नाही. गळाच्या छंदावर इंग्रजीत सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक आयझॅक वॉल्टनचं, पहिली आवृत्ती १६५३ची. त्यात वॉल्टनने सामान कुठून घ्यावं तेही सांगून ठेवलंय: लंडनमध्ये सेंट पॉल चर्चच्या आवारातला मारग्रेव्ह, नाहीतर गोल्डिंग लेनमधला जॉन स्टब्स. दोघेही प्रामाणिक आहेत, असा शेराही मारलाय. साडेतीनशे वर्षांनंतर मी त्या दोन दुकानदारांची नावं इथे लिहिते आहे, यापेक्षा टिकाऊ प्रसिद्धी कुणाला मिळाली असेल?

शिफारस वाईट नसते. ओळखीच्या माणसाने ‘गळ त्याच्याकडून घे, मोडत नाहीत’ म्हणणं ही या नादातली जुनी, कामाची गोष्ट आहे. अमेरिकेत १८७३ साली चार्ल्स हॅलॉकने ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ हे साप्ताहिक काढलं. बंदुका आणि गळाचं सामान विकणाऱ्यांच्या जाहिराती त्यात असायच्या. पुढे जॉर्ज बर्ड ग्रिनेल संपादक झाला आणि १८९४ साली याच साप्ताहिकाने ठणकावून लिहिलं की शिकारीच्या मांसाची विक्री कायमची बंद झाली पाहिजे. बाजारासाठी होणाऱ्या कत्तलीने तिथली जनावरं आणि पक्षी संपत चालले होते. बंदुकीच्या जाहिराती छापणारं पत्र शिकारीच्या व्यापाराविरुद्ध उभं राहिलं. म्हणजे जाहिरात घेतली की कणा गेलाच, असं काही नाही. तिथे जाहिरातीची पानं जाहिरातीची होती आणि संपादकाचं पान संपादकाचं. तुमच्या व्हिडिओत ही दोन पानं एकमेकांवर चिकटली आहेत, अडचण आहे ती ही.

त्यांतलं संपादकाचं पान काय करू शकतं त्याची एक गोष्ट मला फार आवडते. फिनलंडमधला एक गरीब मच्छीमार, लाउरी रापाला. पाण्यात बघत बसायची त्याला सवय. मोठे मासे लहान माशांच्या थव्यातून नेमका लडबडत पोहणारा, दुबळा मासा उचलतात, हे त्याच्या लक्षात आलं. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, चॉकलेटची चांदी गुंडाळली, फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून वर लेप दिला. लुअर तसंच लडबडत चालायचं. पुढे ते अमेरिकेत पोचलं आणि १९६२च्या ऑगस्टमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याच्यावर लेख आला. योग असा की त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच वारलेल्या मॅरिलिन मन्रोचा फोटो होता. अंक हातोहात खपला आणि मागण्यांच्या पत्रांखाली ती छोटी कंपनी गाडली जायची वेळ आली. लुअर मुळात मासे धरत होतं, म्हणून ते नाव आजही दुकानात आहे. नुसत्या लेखाने ते एक हंगाम खपलं असतं.

पैशाबद्दल तुमच्या मनात जी अढी आहे तीही थोडी सैल करते. अमेरिकेत १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा अबकारी कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. १९५०च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने तेच रॉड, रील आणि लुअरच्या बाबतीत केलं. तळी, नद्या, माशांची पैदास, यांवरचा बराच खर्च तिथे या करातून निघतो. म्हणजे सामान विकलं जाणं आणि पाणी जिवंत राहणं या दोन गोष्टी कागदोपत्री एकमेकींना बांधलेल्या आहेत. ‘व्यापार शिरला की सगळं नासलं’ म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवते. उद्योगवाले मात्र हीच गोष्ट ढालीसारखी पुढे करतात, ‘आम्ही विकतो म्हणून मासे आहेत’, तेव्हा मला हसू येतं. किमतीतून तो कर शेवटी भरतो गिऱ्हाईकच.

तुमच्या मित्रासाठी एक ओळ. छोट्या पडद्यावरच्या शिकारीच्या कित्येक कार्यक्रमांत प्रसारणाचा वेळ निर्माता स्वतः वाहिनीकडून विकत घेतो आणि बंदूक, दुर्बीण, कपडे विकणाऱ्यांकडून तो पैसा वसूल करतो. तिथे जाहिरात कार्यक्रमाच्या मध्ये येते असं म्हणणं चुकीचं आहे. कार्यक्रमच जाहिरातीच्या पैशावर पाण्यात उतरलेला असतो.

अशा नावेतून माणूस किती पटकन खाली पडतो ते २००७च्या फेब्रुवारीत सगळ्यांनी पाहिलं. जिम झुम्बो हे अमेरिकेतलं शिकारलेखनातलं मोठं नाव, ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचा शिकारविषयक संपादक, स्वतःचा दूरदर्शन कार्यक्रम असलेला. लष्करी धाटणीच्या रायफली शिकारीत नकोत असं त्याने इंटरनेटवर लिहिलं, तेही फार कडक शब्दांत. बंदूकवाले वाचक खवळले. काही दिवसांत बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने त्याच्याशी संबंध तोडले, बाकीचे पुरस्कर्ते मागोमाग गेले, मासिकाची जागा गेली आणि कार्यक्रमही थांबला. त्याचं म्हणणं बरोबर होतं का, हा वेगळा वाद. त्याने माफीही मागितली होती. अनेक वर्षं जमवलेलं काही दिवसांत उठून गेलं, कारण ते ज्या खांबांवर उभं होतं ते दुसऱ्यांच्या मालकीचे होते. तुमच्या करारात कंपनीला केव्हाही, कारण न देता बाहेर पडायची मुभा देणारं कलम आहे का ते पाहा. बहुतेक असेल. तुम्हालाही तीच मुभा आहे का, तेही पाहा.

मी स्वतः काही वर्षं एका मासिकाच्या टेबलावर काढली आहेत, तिथली एक गोष्ट सांगते. आमच्या एका लेखकाने रीलच्या चाचणीत लिहिलं होतं, ‘तिसऱ्या फेरीनंतर मूठ खिळखिळी झाली.’ जाहिरात विभागातून एक गृहस्थ आले, चहा मागवला, घरची चौकशी केली. तासाभराने ते वाक्य ‘मुठीची सवय व्हायला थोडा वेळ लागतो’ असं झालं. बदल माझ्या हातचा. कुणी धमकी दिली नव्हती. पुढच्या महिन्यात एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: ‘सवय झाली. मूठ निघून हातात आली.’ ते कार्ड बरीच वर्षं माझ्या खणात होतं.

म्हणून तुमच्या त्या रीलकडे वळते. ड्रॅगचं काम काय असतं ते तुम्ही जाणता, वाचणाऱ्यांसाठी सांगते. मासा जोरात पळाला की ठरावीक ताणावर रीलने तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सोडायचा असतो, एकसारखा, न अडखळता. तो आधी अडकला तर क्षणभर सगळा ताण तंगुसावर येतो आणि तंगूस तुटतो. गळ माशाच्या तोंडात राहतो आणि मासा तसाच जातो. तेव्हा ही आवडीनिवडीची गोष्ट समजू नका. तुमच्या शब्दावर रील घेणाऱ्याचे मासे सुटतील आणि काही मरतील. ती रील तुम्ही दाखवता कामा नये. आणि आधी दाखवून झालेली असेल तर हा दोष सांगायला हवा.

कंपनीशी बोलताना ‘मला पसंत नाही’ म्हणू नका. तंगुसाचं टोक वजनकाट्याला बांधा. ड्रॅग नेहमीसारखा लावा, म्हणजे तंगूस जेवढ्या ताणावर तुटतो त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. रॉड धरून काटा सावकाश ओढा. तंगूस सुटायच्या क्षणी काटा किती दाखवतो आणि सुटू लागल्यावर किती, हे दोन आकडे टिपा. दहा वेळा करा, दुसऱ्या एखाद्या रीलवरही करा. दोन आकड्यांतली दरी म्हणजेच तुमची तक्रार. ती लेखी पाठवा आणि उत्तरासाठी त्यांना दोन-तीन आठवडे द्या. चांगली कंपनी असेल तर त्यांचा तंत्रज्ञ तुम्हाला फोन करील. फोन जाहिरात विभागाकडूनच आला, तर त्यातूनही तुम्हाला कळायचं ते कळेल.

‘ठीकठाक’ लुअरचीही परीक्षा घ्या. ज्या लुअरवर आपला भरवसा असतो तेच आपण जास्त वेळ पाण्यात ठेवतो, म्हणून त्यालाच जास्त मासे लागतात, आणि भरवसा आणखी वाढतो. या चकव्यातून बाहेर यायचं तर पाच फेका नव्याचे, पाच जुन्याचे, आलटून पालटून, त्याच जागी, त्याच वेळी. वहीत टिपण. तीन-चार फेऱ्यांनीही फारसं सिद्ध होणार नाही, पण नुसत्या ‘जबरदस्त आहे’पेक्षा ते कितीतरी बरं. आणि रंगाला भुलू नका. पाण्यात तांबडा रंग सगळ्यात आधी विझतो. थोडं खोल गेलं की भडक लाल लुअर काळपट दिसतं. तो लाल रंग दुकानातल्या उजेडात बघणाऱ्यासाठी लावलेला असतो. लुअर आधी माणूस धरतं आणि मग जमलं तर मासा, ही या धंद्यातली जुनी थट्टा आहे, आणि मराठीत तर ‘आमिष’ हा एकच शब्द दोघांनाही पुरतो.

आता करार. जाणकार वकिलाला एकदा दाखवाच, पण माझी पेन्सिल कुठे फिरेल ते सांगते. ‘उणा शब्द काढायचा नाही’ हे खोडा. त्याजागी ‘दोष आढळल्यास आधी कंपनीला लेखी कळवीन, ठरलेल्या मुदतीनंतर बोलायला मोकळा असेन’ असं मागा. ‘आधी दाखवायचा’ हे मी अर्धं ठेवीन: मालाची मापं, वजन, साहित्य यांत चूक असेल तर त्यांनी दुरुस्त करावी, बाकी मजकुराला हात लावू नये. ‘महिन्याला चार’ऐवजी वर्षाचा एकूण आकडा ठरवा, तोही निम्म्यावर आणा, आणि रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसाचा व्हिडिओही त्यात मोजला जाईल असं स्पष्ट लिहून घ्या. यावर समोरचा माणूस कसा हसतो ते बघा, त्या हसण्यावरून पुढचं वर्ष कसं जाईल ते कळतं. तुमचा चेहरा आणि जुनं फुटेज करार संपल्यावरही वापरायचा हक्क त्यांनी मागितला असेल तर त्यालाही मुदत घाला. नाहीतर तुम्ही त्यांना सोडून गेलात तरी तुमचं तोंड त्यांचीच रील विकत राहील.

राहिलं ते दुसऱ्याचं सामान न दिसण्याचं कलम. धंद्याच्या नजरेने ही मागणी रास्त आहे. पण त्याचा अर्थ कधी करून बघितलात? तात्यांच्या हातात कुठला रॉड असतो? जुना असणार, कुणा दुसऱ्याच्या नावाचा, कदाचित नावच पुसलं गेलेला. कलम जसं आहे तसं पाळायचं तर तात्यांना चौकटीबाहेर उभं करावं लागेल, किंवा त्यांच्या हातात त्यांचा नसलेला रॉड द्यावा लागेल. हे वाक्य कराराच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवा आणि मगच त्यांच्याशी बोलायला बसा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारते. गेल्या वर्षी ते खोकं फुकट आलं, हे बघणाऱ्यांना सांगितलंत का? सांगितलं असतंत तर पत्रात ओघाने आलं असतं. पैसे घेतले नव्हते ही सबब चालत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ सालीच आपल्या मार्गदर्शक नियमांत ब्लॉग लिहिणाऱ्यांना आणलं आणि फुकट मिळालेली वस्तूही उघड करायला हवी असं मांडलं. इतर देशांतही असे नियम आहेत; तुमच्या इथले बघून घ्या. पण नियमाच्या आधी साधी रीत आहे. जुन्या व्हिडिओंच्या वर आज एक ओळ टाका. नव्यात सुरुवातीलाच तोंडाने सांगा, पडद्यावरही लिहा. खाली बारीक अक्षरांत, सतरा दुव्यांच्या मागे दडवू नका. आणि त्या दुव्यांवरून झालेल्या विक्रीतून तुम्हाला वाटा मिळत असेल तर तसं म्हणा. लोक रागावत नाहीत, हा माझा अनुभव आहे. त्यांना नंतर कळलं की रागावतात.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला मान्य आहे. पहाटे उठून, कॅमेरा सांभाळून, रात्री बसून कापाकापी करणं हे कामच आहे आणि पगाराच्या निम्मी रक्कम काही थोडी नाही. फक्त त्या पैशावर घराचा हप्ता टाकू नका. तो पैसा जाण्याची भीती वाटायला लागली की वरची सगळी खोडाखोड वाया गेली म्हणून समजा. कंपनीने अटी मान्य केल्या नाहीत तर त्यांचा तो चांगला रॉड स्वतःच्या पैशाने घ्या आणि चांगला आहे म्हणून सांगा. असं बोललेलं ऐकायला फार गोड लागतं, कारण ते हल्ली ऐकू येत नाही.

आणि माशाबद्दल बोला, व्हिडिओत. तो उलटा झालेला तुमच्याकडे चित्रित असेलच. दाखवायलाच हवा असं नाही. तुमचं तुम्ही ठरवा. पण फोटोसाठी मासा कसा धरावा यावर एक भाग करा. जाळीत पाण्यातच ठेवायचा, कॅमेरा आधी सुरू करायचा, ओल्या हातांनी एकदाच उचलायचा, आपण श्वास रोखायचा आणि आपल्याला धाप लागायच्या आत तो परत पाण्यात. पहिल्या शॉटमध्ये नाव उलटं आलं तर उलटं. हा भाग कंपनीशी ठरलेल्या आकड्यात मोजू नका.

तात्यांचं वाक्य तुम्ही टोमणा म्हणून ऐकलंत. असेलही. पण ‘तुझं शूटिंग होऊ दे, मग जाऊ’ यात जाऊ आहे. परत फोन करू नका, घरी जा. कॅमेरा नको, ते खोक्यातलं सामानही नको. त्यांच्याकडे जास्तीचा रॉड असेलच. नसला तर त्यांच्या शेजारी बसा आणि गळाला आमिष लावून द्या.